परमप्रसादाच्या वाटेने: बेळगाव आणि खानापूरचे पाच दिवस

गुरुवार

महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी कोल्हापूरला उतरून मी बेळगावची बस धरली. कागल मागे पडून कोगनोळीचा नाका येईपर्यंत शेजारी बसलेल्या आजोबांशी माझी चांगली ओळख झाली होती. ते निपाणीजवळच्या एका खेड्यातले, तंबाखूची शेती असलेले, गळ्यात तुळशीची माळ घातलेले वारकरी होते. मी वसईची कॅथॉलिक आहे आणि खानापूर तालुक्यातल्या एका गावी ख्रिस्तराजाच्या सणाला निघणाऱ्या परमप्रसादाच्या मिरवणुकीसाठी चालले आहे, असे सांगितल्यावर त्यांनी मिरवणुकीत नेमके काय नेतात ते विचारले. गव्हाची एक पातळ, गोल, पांढरी भाकर नेतात, आणि मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, धर्मगुरूंनी तिच्यावर प्रभूचे शब्द उच्चारल्यानंतर ती नुसती भाकर राहत नाही, ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर असते अशी आमची श्रद्धा आहे, असे मी सांगितले. आजोबा बराच वेळ खिडकीबाहेरच्या उसाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई, आमच्यात पालखीतनं माउलींच्या पादुका जातात, मागनं आम्ही चालतो, आणि इठोबा विटेवर उभा असतो. भक्तानं देवाकडं जायाचं. तुमच्यात देवच रस्त्यावर येतोय म्हणायचा. त्याला बाहेर कशापायी काढता?"

त्यांच्या प्रश्नात खोच नव्हती; त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. गावची लक्ष्मी यात्रेच्या वर्षी रथात बसून बाहेर येते, हे त्यांनीच पुढे सांगितले, पण ती आपल्या गावावर राज्य करायला फिरते, हिंडायला नव्हे, असेही ते म्हणाले. मी सणाचा अर्थ सांगितला, इतिहास थोडाफार सांगितला, परंतु त्यांच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हते, हे निपाणीच्या स्थानकावर त्यांनी माझा निरोप घेतला तेव्हा मला कळत होते.

संकेश्वर आणि यमकनमर्डी ओलांडून दुपारी बेळगावला पोहोचले. माझी जुनी मैत्रीण लग्न होऊन इथे आली त्याला वीस वर्षे झाली. तिच्या घरी पिशवी ठेवून आम्ही दोघी संध्याकाळी कॅम्पातल्या फातिमा कॅथेड्रलमध्ये गेलो. कॅम्पाचा भाग जुन्या लष्करी छावणीचा असल्याने रस्ते रुंद आहेत आणि मोठ्या झाडांखाली नोव्हेंबरचा गारवा लवकर उतरतो. बेळगावचा धर्मप्रांत १९ सप्टेंबर १९५३ रोजी स्थापन झाला. त्याआधी इथली काही गावे गोव्याच्या आर्चबिशपांकडे आणि काही पुण्याच्या धर्मप्रांताकडे होती, आणि पुढे १९७६ मध्ये यातूनच कारवारचा धर्मप्रांत वेगळा झाला. या इतिहासाचा उल्लेख मी एवढ्यासाठी केला की इथल्या उपासनेचा स्वर त्याशिवाय समजत नाही. गोव्याची लादाईन ही गाऊन म्हणायची प्रार्थना, पुण्याकडच्या मिशनऱ्यांनी रुजवलेली मराठी प्रार्थना आणि मातीतली कन्नड भजने एकाच बाकावर शेजारी बसतात.

गुरुवार हा आराधनेचा दिवस. प्रभूच्या शेवटच्या भोजनाची आणि त्यानंतर बागेत त्याने शिष्यांना जागे राहण्याची विनंती केल्याची आठवण म्हणून तासभर परमप्रसाद वेदीवर उघडा ठेवतात आणि लोक समोर येऊन बसतात. साठ-सत्तर माणसे होती. पहिला अर्धा तास कोणीही काही बोलले नाही. माझ्या पुढच्या बाकावरच्या एका वृद्ध बाईंनी आत येताना दोन्ही गुडघे टेकले. १९७३ च्या विधीनुसार आता एकच गुडघा टेकणे पुरेसे आहे, पण ज्यांनी लहानपणी दोन्ही गुडघे टेकायला शिकले त्यांचे शरीर ते विसरत नाही. माझी आजीही तशीच टेकत असे. १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईला भरलेल्या अडतिसाव्या आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी, म्हणजे परमप्रसादाच्या सन्मानार्थ भरणाऱ्या मेळाव्यासाठी, ती वसईहून लोकल गाडीने ओव्हल मैदानावर गेली होती. भारतात आलेले पहिले पोप, सहावे पॉल, तिला फार लांबून एका पांढऱ्या ठिपक्याएवढे दिसले. त्या ठिपक्याविषयी ती क्वचितच बोलत असे. एवढ्या अफाट गर्दीत परमप्रसाद वर उचलला तेव्हा मैदानात शेजारच्या बाळाचा श्वास ऐकू येत होता, हे मात्र ती शेवटपर्यंत सांगत राहिली.

शुक्रवार

मैत्रिणीच्या ओळखीने आज सकाळी शहरातल्या एका कॉन्व्हेंटमध्ये जाता आले, जिथे सिस्टर मिस्सासाठी लागणाऱ्या भाकरी तयार करतात. आम्ही वसईत त्यांना ओस्ती म्हणतो, इथेही तोच शब्द चालतो. गेली चाळीस वर्षे मी परमप्रसाद घेत आले आहे, पण तो कुठून येतो हे पाहण्याची बुद्धी मला आजवर झाली नव्हती, याची मला त्या खोलीत शिरताच लाज वाटली.

खोली लहान, स्वच्छ आणि उबदार होती. एक सिस्टर पातेल्यात मैद्यासारखे बारीक गव्हाचे पीठ पाण्यात कालवत होत्या. धिरड्याच्या पिठापेक्षाही ते पातळ होते. त्यात मीठ नाही, साखर नाही, तेल नाही, आंबवण नाही. भाकर निव्वळ गव्हाची आणि ताजी असली पाहिजे, असा धर्मनियमच आहे. हे पीठ विजेवर तापणाऱ्या दोन लोखंडी पाट्यांच्या मध्ये ओततात. खालच्या पाटीवर क्रूसाची आणि अक्षरांची खोदीव नक्षी असते. पाट्या मिटल्या की कडेने वाफ फुसफुसत बाहेर येते आणि दीड-दोन मिनिटांत कागदासारखा पातळ, पांढरा पत्रा तयार होतो. तो लगेच कापला तर कडा तुटून भुगा होतो, म्हणून आधी ओलसर कापडाखाली ठेवून त्याला थोडा दमटपणा देतात आणि मग गोल कातणीने चकत्या पाडतात. लोकांसाठी लहान, धर्मगुरूंसाठी मोठी, आणि मॉन्स्ट्रन्समध्ये, म्हणजे मिरवणुकीत न्यायच्या पात्रात, ठेवायची त्याहून मोठी.

"ही मोठी आम्ही उजेडात धरून बघतो," असे म्हणत सिस्टरांनी एक चकती खिडकीसमोर धरली. तिच्यात कुठे डाग, कुठे चीर, कुठे जाडी कमी-जास्त आहे का, ते पाहायचे असते, कारण रविवारी हजार डोळे तिच्याकडेच लागणार असतात. त्यांनी तीन चकत्या बाजूला काढल्या आणि चौथी पसंत केली. ती चौथी खानापूरच्या गावाला जाणार होती, असे कळल्यावर मी तिच्याकडे पुन्हा पुन्हा पाहिले. अजून ती साधी भाकर होती, आणि सिस्टरही तिला साध्या भाकरीसारख्याच सहज हाताळत होत्या. दोन दिवसांनी हेच हात तिच्यासमोर जोडले जाणार आहेत, हे त्यांना विशेष वाटत नव्हते. मला ते फार विशेष वाटले. कातणीने उरलेले तुकडे एका डब्यात होते. शेजारच्या वसतिगृहातल्या मुली शाळेत जाताना ते मूठभर घेऊन जातात.

खानापूरचा पट्टा भाताचा आहे. गहू तिथे पिकत नाही, लोक रोज भात आणि तांदळाची भाकरी खातात, आणि तरीही वेदीवर गव्हाचीच भाकर लागते. हे एखाद्याला परके वाटू शकेल, हे मी सिस्टरांना बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, "प्रभूनं जे हातात घेतलं तेच आम्ही घेतो. तांदळावर त्याचा राग नाही. नोव्हेंबरात बघा, अर्पणाच्या वेळी नवीन भाताची पोती पायरीशी येतात."

दुपारी मैत्रिणीच्या घरी तिच्या सासऱ्यांशी बोलणे झाले. ते निवृत्त शिक्षक आहेत, आणि १८५६ पासून चालत आलेल्या सेंट पॉल्स हायस्कूलचे विद्यार्थी. या मिरवणुकीचे मूळ त्यांनी मला ज्या क्रमाने सांगितले त्याच क्रमाने लिहिते. तेराव्या शतकात आजच्या बेल्जियममधल्या लिएज शहराजवळ जुलियाना नावाची एक धर्मभगिनी होती. तिला वारंवार पूर्ण चंद्र दिसे आणि त्या चंद्राच्या अंगावर एक काळी पट्टी असे. धर्मवर्षाच्या चंद्रात परमप्रसादाच्या सणाची जागा रिकामी आहे, असा तिने त्याचा अर्थ लावला. १२४६ मध्ये लिएजच्या बिशपांनी आपल्यापुरता तो सण सुरू केला. तिथेच पूर्वी आर्चडीकन असलेले एक धर्मगुरू पुढे चौथे अर्बन या नावाने पोप झाले आणि त्यांनी ११ ऑगस्ट १२६४ रोजी तो सण संपूर्ण ख्रिस्तसभेला लागू केला. त्या सणाच्या प्रार्थना आणि स्तोत्रे संत थॉमस अक्वायनस यांनी रचली. 'तांतुम एर्गो' ही जी दोन कडवी आपण आजही आशीर्वादाच्या आधी म्हणतो, ती त्यांच्याच स्तोत्राच्या शेवटची आहेत.

"पण पोपच्या त्या आज्ञेत मिरवणुकीचा शब्द नाही," असे म्हणून काका थांबले, कारण त्यांना हाच मुद्दा सांगायचा होता. सण वरून आला, रस्त्यावरची मिरवणूक खालून आली. तेरावे शतक संपण्याच्या सुमारास जर्मनीतल्या कोलोनसारख्या शहरांतल्या लोकांनी ती सुरू केली, आणि शंभर वर्षांत ती युरोपभर पसरली. आजचा धर्मनियमही तिची सक्ती करत नाही. बिशपांना जिथे शक्य वाटेल तिथे सार्वजनिक रस्त्यांवरून मिरवणूक काढावी, एवढेच म्हणतो.

सणाचा मूळ दिवस जूनच्या आसपास येतो. त्या दिवसांत कणकुंबीच्या डोंगरात असा पाऊस कोसळतो की मलप्रभा दोन्ही काठ सोडून वाहते. छताखाली मेणबत्ती धरून चालणे शक्यच नसते. म्हणून आपल्याकडे अनेक ठिकाणी ती मिरवणूक ख्रिस्तराजाच्या सणाला काढतात. हा सण अकराव्या पायस यांनी १९२५ मध्ये सुरू केला. तेव्हा तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. १९६९ नंतर तो धर्मवर्षाच्या अखेरच्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी येतो. पाऊस संपलेला, भात कापलेले, झेंडू भरपूर. मला तर वाटते, आपल्या हवेला हा दिवस मूळच्या दिवसापेक्षा अधिक मानवतो.

शनिवार

खानापूर बेळगावहून सुमारे २५ किलोमीटर. गोव्याकडे जाणारा हा रस्ता पुढे लोंढा आणि अनमोड घाटाकडे वळतो, आणि याच घाटांनी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी आमची माणसे वर आली, असे इथली अनेक ख्रिस्ती घराणी सांगतात. मी ज्या गावात गेले त्याचे नाव यजमानांच्या इच्छेवरून लिहीत नाही. चिऱ्याच्या भिंतींची, खानापुरी कौलांची शंभर-सव्वाशे घरे, त्यांतली निम्मी ख्रिस्ती, बाकी मराठा आणि थोडी लिंगायत. मधून जाणारा एक डांबरी रस्ता आणि त्याला फुटलेले बोळ. चर्चला आम्ही वसईत देऊळ म्हणतो, त्याला इथे इगर्ज म्हणतात, आणि ती गावाच्या वरच्या अंगाला माळावर आहे. घरात कोकणी, बाजारात मराठी, कचेरीत कन्नड, असा इथल्या मुलांचा दिवस जातो. यजमानीणबाईंनी दारातच विचारले, "आलासा? चहा घेतासा की आधी हात-पाय धुतासा?" आणि वळून आतल्या मुलीला कोकणीत पाणी तापवायला सांगितले.

दिवसभर तयारीच होती. मी उद्याच्या मिरवणुकीचा मार्ग आधी पायी चालून घेतला. इगर्जीपासून शाळेच्या पटांगणापर्यंत, तिथून दूध डेअरीच्या चौकात, तिथून दफनभूमीच्या फाटकाशी आणि परत, असा सगळा मिळून दोन किलोमीटरांचा. या तिन्ही ठिकाणी मिरवणूक थांबते, म्हणून तिथे छोट्या वेदी बांधायच्या होत्या. केळीचे खुंट, आंब्याचे डहाळे, नारळाच्या झावळ्यांच्या विणलेल्या कमानी, पांढरे कापड, आणि पितळी समया. डेअरीच्या चौकातली वेदी ज्या ओट्यावर उभी राहते तो एका मराठा कुटुंबाचा आहे. त्या घरच्या वहिनींनी ओटा सारवून ठेवला होता आणि वेदीच्या लाकडी चौकटीला खिळे ठोकण्यासाठी त्यांचा मुलगाच हातोडी घेऊन चढला होता. दरवर्षी हे असेच होते का, असे विचारल्यावर त्यांनी उत्तर दिले, "आमच्या दारात कुणी मोठं येणार म्हटल्यावर सारवायला नको?"

दुपारी चार वाजता छत बाहेर काढले. चार काठ्यांवर धरायचे, पांढऱ्या रेशमाचे, सोनेरी झालर लावलेले हे छत एरवी कपाटात असते. झालर एका बाजूने उसवली होती. दोन बायकांनी अंगणात मांडीवर घेऊन ती शिवली. त्यातल्या एकीने मला सुईत दोरा ओवायला दिला, कारण तिला आता जवळचे दिसत नाही. एवढेच माझे या मिरवणुकीतले काम. ते मला मिळाले याचा मला अभिमान आहे.

संध्याकाळी फादरांनी मुलांची तालीम घेतली. ज्यांनी यंदा पहिल्यांदा परमप्रसाद घेतला अशी अकरा मुले-मुली छतापुढे फुले उधळत उलटे चालणार होती, म्हणजे त्यांचे तोंड परमप्रसादाकडे आणि पाठ रस्त्याकडे. उलटे चालणे सोपे नाही. एक मुलगा दोनदा पडला आणि तिसऱ्यांदा त्याने मागे वळून पाहिले, तेव्हा फादर म्हणाले, "मागे काय आहे ते बघू नको, पुढं कोण आहे ते बघ."

रविवार

मिस्सा दुपारी साडेतीनला सुरू झाली. शुक्रवारी सिस्टरांनी उजेडात पाहून निवडलेली ती मोठी भाकर वेदीवर होती. मिरवणुकीत न्यायचा परमप्रसाद त्याच मिस्सामध्ये अर्पण झालेला असावा असा संकेत आहे, म्हणजे मिरवणूक ही मिस्सापासून तुटलेली वेगळी गोष्ट होत नाही. त्याच भोजनाचा टेबल जणू दाराबाहेर वाढत जातो. अर्पणाच्या वेळी खरोखरच नव्या भाताची पाच पोती पायरीशी आली. प्रवचन मराठीत झाले आणि छोटे होते. राजा म्हणजे ज्याच्याकडे लोक जातात. हा राजा लोकांकडे जातो, आणि जाताना बोलत नाही, एवढेच फादरांनी सांगितले. मला निपाणीच्या आजोबांची आठवण झाली.

मिस्सा संपल्यावर ती भाकर काचेच्या दोन गोल पानांमध्ये बसवून मॉन्स्ट्रन्सच्या मध्यभागी ठेवली गेली. मॉन्स्ट्रन्स म्हणजे सूर्यकिरणांसारख्या सोनेरी शलाकांचे उभे पात्र. या गावचे पात्र जुने आहे, त्याची एक शलाका किंचित वाकलेली आहे. फादरांच्या खांद्यांवर एक लांब, रुंद रेशमी वस्त्र घातले गेले आणि त्याच्या दोन्ही टोकांत आपले हात गुंडाळून त्यांनी पात्र उचलले. धर्मगुरूंनी ते उघड्या हातांनी धरायचे नसते. वाहणाऱ्याचे हात दिसू नयेत, वाहिला जातो त्याच्याकडेच दृष्टी जावी, असा त्याचा अर्थ मला लहानपणी शिकवला होता. पात्र तोंडासमोर धरल्यामुळे फादरांचा चेहराही लोकांना जवळजवळ दिसत नव्हता.

पुढे क्रूस, मागे मेणबत्त्या घेतलेली मुले, मग बँड, मग सिस्टर, मग उलटे चालणारी ती अकरा फुलकरी मुले, मग धूप घेतलेले दोघे, छत, आणि मागे सारा गाव. बँड खानापूरकडचा होता, दोन कॉर्नेट, एक ढोल आणि एक व्हायोलिन. व्हायोलिन वाजवणारे गृहस्थ पायात चप्पल न घालता चालत होते. कोकणी भजन संपले की मराठी, मराठी संपले की कन्नड. कोणी ठरवून दिलेले दिसत नव्हते. ज्याच्या ओठी आधी आले त्याने सुरू करायचे आणि बाकीच्यांनी उचलायचे. 'येशू', 'जेजू', 'येसु' असे एकच नाव तीन तऱ्हांनी कानावर पडत होते. खानापूर, बेळगाव हे नुसते नाव घेतले की आपल्याकडे लोकांना भाषेचा वाद आठवतो. तो वाद खरा आहे आणि लोकांना त्याची झळ बसली आहे, परंतु त्या दोन किलोमीटरांत मी भाषा अशा एकमेकींच्या हातातून पुढे सरकताना पाहिल्या, आणि ते लिहिले नाही तर मी अर्धेच लिहिले असे होईल.

शाळेच्या पटांगणातल्या वेदीपाशी मराठीतून शुभवर्तमान वाचले. तिथे पहिला आशीर्वाद झाला. या आशीर्वादाचा विधी विलक्षण आहे. एरवी धर्मगुरू आशीर्वाद देताना शब्द उच्चारतात. परमप्रसादाचा आशीर्वाद देताना मात्र ते काहीच बोलत नाहीत. पात्र उचलून हवेत क्रूसाची खूण करतात, घंटी वाजते, आणि सगळे गुडघ्यांवर असतात. आशीर्वाद देणारा स्वतः समोर आहे, तेव्हा त्याच्या वतीने कोणी बोलायचे कारण नसते. धुळीच्या त्या पटांगणात मीही गुडघे टेकले, दोन्ही. आजीसारखे.

डेअरीच्या चौकात वाहने थांबली होती. उसाचा एक ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला इंजिन बंद करून उभा होता आणि चालक खाली उतरून डोक्यावरचा टॉवेल हातात घेऊन उभा राहिला होता. सारवलेल्या ओट्याभोवती वहिनींनी रांगोळी काढली होती. तिथले वाचन कन्नडमध्ये झाले. आशीर्वादानंतर वहिनी पुढे आल्या, थोड्या घुटमळल्या, आणि वेदीपाशी एक नारळ ठेवून मागे सरल्या. कोणी त्यांना थांबवले नाही आणि कोणी काही बोललेही नाही.

चौकाच्या पुढे एक बोळ उजवीकडे जातो. त्या बोळाच्या शेवटच्या घरात माझ्या यजमानांची थोरली चुलती गेली दोन वर्षे अंथरुणाला खिळून आहे. बोळ इतका अरुंद आहे की छत आत शिरले नसते. फादर बोळाच्या तोंडाशी थांबले, छतासकट उजवीकडे वळले, आणि पात्र त्या दिशेला धरून क्षणभर उभे राहिले. बँड थांबला. बोळात कोणीच नव्हते. फक्त शेवटच्या घराच्या दारात एक मेणबत्ती जळत होती. मग मिरवणूक पुढे निघाली. सगळ्या दोन किलोमीटरांत मला तेवढी एक जागा सर्वांत लांब वाटली.

दफनभूमीच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. तिथे कोकणीतून मृतांसाठी प्रार्थना झाली आणि लोकांनी हातातल्या मेणबत्त्या आपापल्या माणसांच्या क्रूसांच्या दिशेने वर धरल्या. परतीच्या चढावर गाणे जवळजवळ थांबले होते. फुलांचा, धुपाचा आणि भाताच्या पेंढ्यांचा वास एकत्र होऊन येत होता. इगर्जीत 'तांतुम एर्गो' लॅटिनमध्येच म्हटले गेले. ती तिन्ही भाषांपैकी एकही नव्हती आणि तरीही सगळ्यांना पाठ होते. शेवटचा आशीर्वाद झाला, स्तुतीची छोटी छोटी वाक्ये झाली, परमप्रसाद मंजुषेत, म्हणजे तो राखून ठेवण्याच्या कपाटात, ठेवून दार बंद झाले.

रात्री जेवणाच्या पंगतीत मी फादरांना निपाणीच्या आजोबांचा प्रश्न सांगितला. सन्ना, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या इडल्या, आणि मटणाचा रस्सा वाढणे चालू होते, त्यामुळे त्यांचे उत्तर तुटक तुटक आले. ते म्हणाले, "बाई, चर्चमध्ये परमप्रसाद राखून का ठेवतात ठाऊक आहे ना? पूजेसाठी नव्हे, ते नंतर आलं. मूळ कारण आजारी आणि मरणाच्या दारातली माणसं. ज्याला येता येत नाही त्याच्यासाठी वाटा काढून ठेवायचा, घरी एखादा उशिरा येणार असला की ठेवतात तसा. पूर्वी तो वाटा नेताना पुढं घंटी आणि कंदील असायचा, रस्त्यात लोक गुडघे टेकायचे. आजची एवढी मोठी मिरवणूक, तिचं मूळ तिथं आहे." मग त्यांनी विचारले, "उद्या सकाळी बोळातल्या आईकडे जायचं आहे. येता?"

सोमवार

सकाळी सात वाजता मी इगर्जीच्या पायरीशी उभी होते. फादरांनी मंजुषा उघडली, एका लहान, चपट्या, गोल डबीत परमप्रसाद ठेवला, डबी कापडी पिशवीत घालून पिशवी गळ्यात अडकवली आणि शर्टाच्या आत छातीशी सरकवली. छत नाही, बँड नाही, धूप नाही. त्यांनी मोटरसायकल सुरू केली, मी मागे बसले. रस्त्यात ते एक शब्दही बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. कालच्या पाकळ्या अजून डांबरावर होत्या. गाडीने त्या थोड्या उडत होत्या. चौकात ट्रॅक्टरवाल्यांची चहाची वेळ होती. एकाने हात वर केला, फादरांनी नुसती मान हलवली.

बोळाच्या तोंडाशी गाडी ठेवून आम्ही आत चालत गेलो. घरात पलंगाशेजारी एका स्टुलावर पांढरा रुमाल, लहान क्रूस, दोन मेणबत्त्या आणि पाण्याचा पेला मांडून ठेवला होता. आजी उशीला टेकून बसवल्या होत्या. डोक्यावरचा पदर सुनेने नीट केला. प्रार्थना मराठीत झाली, कारण आजींना आता कोकणीपेक्षा शाळेत शिकलेल्या मराठी प्रार्थनाच अधिक आठवतात. त्यांना नीट गिळता येत नाही, म्हणून फादरांनी परमप्रसादाचा नखाएवढा तुकडा मोडून त्यांच्या जिभेवर ठेवला आणि सुनेने चमच्याने दोन थेंब पाणी पाजले.

आजींनी डोळे मिटले. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग त्या बोलल्या, पण आमच्यापैकी कोणाशी नव्हे:

"काल बोळाच्या तोंडाशी थांबलास. मी बँड ऐकला. वाटलं, गेला. आलास व्हय."

फादरांनी डबीतले कण पाण्यात धुऊन ते पाणी पिऊन टाकले, डबी पुसली आणि पुन्हा पिशवीत ठेवली. सुनेने विचारले, "फादर, चहा टाकू?" त्यांनी डोंगराच्या अंगाच्या दोन घरांची नावे सांगितली, आधी इगर्जीत जाऊन तिथला वाटा घ्यायचा होता. सून मेणबत्त्या विझवू लागली तेव्हा आजींनी हात हलवून तिला थांबवले, आणि ती एक मेणबत्ती तशीच जळत ठेवून चुलीकडे वळली.